दहा घरांचा एसी

कान्होजी भोइटे यांचं म्हणणं असं, की एका गल्लीत अकरा घरं असतील आणि अकरा शिड्या असतील, तर त्या गल्लीत किमान दहा मूर्ख राहतात. शिडी लागते वर्षातून दोनदा, दिवाळीची जळमटं काढायला आणि संक्रांतीला पतंग अडकला तर. मग प्रत्येकाने आपापली शिडी भिंतीला टेकवून ठेवायची कशाला? गल्लीची मिळून एक असावी. कान्होजी हे नुसतं बोलले नाहीत. दौलतगंजातल्या आपल्या गल्लीसाठी त्यांनी खरोखरच एक सामाईक शिडी आणवली. ती शिडी आता कुठे आहे, हे मात्र विचारू नये. शेवटी ती कोणाकडे गेली होती यावरून दोन घरांत चार वर्षं बोलणं बंद आहे.

पण म्हणून माणूस डगमगला असता तर तो कान्होजी कसला? पणजोबा दख्खनेतून तलवार कमरेला लावून ग्वाल्हेरीत आले. तलवार मधल्या कुठल्या तरी पिढीत गेली, आवेश तेवढा राहिला. तो आवेश घेऊन कान्होजी सत्तावीस वर्षं सायकलवरून हजीऱ्याच्या कापडगिरणीत गेले. तिथे ते कामगार संघटनेचे चिटणीस होते. यंत्रांच्या खडखडाटावरून आवाज चढवायची सवय लागली ती लागलीच. घरात मीठ मागितलं तरी तीन घरांपलीकडे कळायचं. पुढे गिरणी बंद पडली. बाकीच्यांनी नशिबाला बोल लावला. कान्होजी म्हणाले, "गिरणी कामगारांच्या मालकीची असती तर आजसुद्धा चालू असती."

"पाच वर्षं आधीच बंद पडली असती," समोरच्या घरातून माधवराव आठल्ये म्हणाले.

या दोन वाक्यांवर दोघांची तीस वर्षं आरामात गेली. माधवरावांचे पूर्वज दरबारात फडणिशी करायचे. स्वतः माधवरावांनी बँकेची बरी नोकरी सोडून कोपऱ्यावर पंखे, कूलर आणि एसी विकायचं दुकान टाकलं, तेव्हा त्यांचे वडील आठ दिवस जेवले नव्हते म्हणतात. माधवरावांचंही एक तत्त्व होतं. "स्वतःचं असलं की माणूस जपतो. भाड्याची सायकल कोणी पुसलेली पाहिलीय का तुम्ही?" रोज संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना एकजण सामाईक मालकीने गरिबाचं भलं करायचा, दुसरा खाजगी मालकीने. चहा मात्र दोघांनाही आतून आयता यायचा.

"तुमच्या गिरणीच्या सहकारी भांडारात एकच साबण मिळायचा, तोसुद्धा रांग लावून," माधवराव म्हणायचे. "आज सतरा तऱ्हेचे साबण आहेत. ही प्रगती नाही?"

"सतरा साबण, आणि नळाला पाणी एक दिवसाआड!" कान्होजी गर्जायचे. "साबण काय चाटायचा आहे?"

असं सगळं छान चाललं होतं. पण गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, पारा सेहेचाळिसावर असताना, शालिनीताई पोळ्या लाटता लाटता जमिनीवर बसल्या आणि त्यांना उठवेना. शालिनीताई म्हणजे कान्होजींची बायको. डोळे उघडे, पण ओळख नाही. कान्होजींचा तो गिरणीवाला आवाज त्या दिवशी घशातून बाहेरच येईना. माधवरावांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "लू लागली आहे, उष्माघात. ह्या वेळी निभावलं. पण आता ह्यांचं वय अडुसष्ट. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच ह्यांना थंड खोलीत ठेवा. कूलरच्या भरवशावर राहू नका."

त्याच दिवशी बंगळुरूहून मुलाचा, राघवचा फोन आला. "बाबा, मी एसी ऑर्डर करतोय. बस तुम्ही ॲड्रेस कन्फर्म करा."

"एकट्या आपल्या घरात?" कान्होजींचा आवाज परत आला होता. "भिंतीपलीकडे सुमनताई भाजून निघणार आणि आपण इथे काश्मीर करून बसायचं? गल्लीत नऊ घरांत म्हातारी माणसं आहेत."

"मला चालेल," खाटेवरून शालिनीताई म्हणाल्या.

"तुझी आई ग्लानीत बोलते आहे," कान्होजींनी फोनमध्ये सांगितलं.

मग फोन ठेवून ते बायकोच्या उशाशी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "शालिनी, तुला गारवा मिळेल. माझा शब्द आहे. पण असा मिळेल की तो अख्ख्या गल्लीला मिळेल." शालिनीताईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव होता. भोइट्यांच्या घरात साधी चादर आणायची म्हटली तरी आधी अख्ख्या गल्लीच्या अंथरुणांचा प्रश्न सुटावा लागे.

हिवाळ्यात सभा भरली. गल्लीच्या गणेशमंडळाची एक खोली होती. वर्षातले दहा दिवस तिथे गणपती बसायचा आणि उरलेले दिवस मांडवाच्या बल्ल्या, म्हणजे लांबलचक वासे. कान्होजींनी ठराव मांडला, की ह्या खोलीत गल्लीचा एक एसी बसवावा आणि उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांनी तिथे येऊन पडावं. एका घराला जे परवडत नाही ते दहा घरांना सहज परवडतं. भाषण पाऊण तास चाललं. त्यात गिरणी होती, संघटना होती, मुंग्यांचं वारूळ होतं आणि शेवटी "सात-पाँच की लाकड़ी, एक जने का बोझ" ही म्हणसुद्धा होती. दहा घरांनी हात वर केले. अकरावे माधवराव उभे राहून म्हणाले, "माझा विरोध नोंदवून घ्या." विरोध नोंदवून घेतला. मग माधवरावांनी त्याच टेबलावर एसीची माहितीपत्रकं मांडली.

"अहो, तुमचा विरोध ना?" सुमनताईंनी विचारलं.

"विरोध तत्त्वाला आहे. गिऱ्हाइकाला नाही," माधवराव म्हणाले, आणि दोन टनी एसीवर स्टॅबिलायझर फुकट दिला.

आता चार मराठी माणसं एकत्र आली की नियमावली झाल्याशिवाय पंख्याचं बटणसुद्धा दाबलं जात नाही. इथे तर एसी होता. समिती झाली, तिला अध्यक्ष, कार्यवाह आणि सहकार्यवाह झाले. रिमोट एका लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवला. तापमान किती ठेवायचं यावर दोन बैठका झाल्या. सुमनताई स्वेटर घालून आल्या आणि म्हणाल्या, एकोणतीसच्या खाली गेलात तर मी माझी वर्गणी परत घेईन. मल्हाररावांचं वजन शंभराच्या पुढे. ते म्हणाले, अठराच्या वर गेलात तर मी इथेच विरघळेन. शेवटी सव्वीस ठरलं. तो आकडा बदलायचा तर दहापैकी सात घरांची मतं लागतील, असा नियम झाला. एसीच्या आतली धुळीची जाळी दर सोमवारी एका घराने धुवायची, अशी पाळी लागली. खिळ्याला एक वही टांगली. जाळी धुतली की वहीत सही.

मार्चअखेर एसी सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर त्या गल्लीचं नशीब उघडलं. दुपारी बाहेर कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन बसत होती आणि इकडे वीस-पंचवीस माणसं सतरंज्या टाकून गार हवेत पडलेली. ज्यांनी जन्मात दुपारची झोप पाहिली नव्हती त्या बायका दीड दीड तास झोपू लागल्या. शिडीवरून अबोला धरलेली दोन घरं एका सतरंजीवर आली. बोलली नाहीत, पण एकाच उशीच्या दोन टोकांवर डोकी ठेवून घोरली. मल्हाररावांचं घोरणं सुरुवातीला त्रासाचं वाटलं, मग त्याच्याशिवाय कोणाला झोप लागेना. सुमनताईंची निधी घरून काम करायची, तीही लॅपटॉप घेऊन येऊन बसली. "काका, प्लीज, मेरी मीटिंग चल रही है, थोडं हळू बोला ना," असं तिने म्हटलं की कान्होजी आवाज निम्मा करायचे. त्यामुळे तो फक्त दुप्पट राहायचा.

हळूहळू लोक कोथिंबीर घेऊन येऊ लागले, ताजी राहते म्हणून. मग मळलेली कणीक आली, मग श्रीखंडाचा चक्का, मग कोणाच्या तरी डोहाळजेवणाचे पेढे. कार्यवाहांनी "खोलीत नाशवंत पदार्थ आणू नयेत" अशी पाटी लावली. त्या पाटीखाली दुसऱ्या दिवशी एक कलिंगड होतं.

कान्होजी ह्या सगळ्यातून लग्नघरातल्या वधूपित्यासारखे फिरायचे. खिडकीजवळच्या कोपऱ्यात शालिनीताई निवांत पडलेल्या असायच्या. त्यांचा चेहरा टवटवीत झाला होता. तो पाहून कान्होजींना गहिवरून यायचं. ते बाहेर येऊन माधवरावांच्या दुकानापर्यंत उन्हातान्हात चालत जायचे आणि फक्त एवढंच विचारायचे, "मग? काय म्हणतं तुमचं खाजगी क्षेत्र?"

"उन्हाळा संपू दे," माधवराव म्हणायचे.

मेच्या पहिल्या आठवड्यात शालिनीताईंना इंदूरला जावं लागलं. त्यांची भाची अंतरा बाळंत व्हायची होती आणि तिच्या घरी करणारं कोणी नव्हतं. तीन आठवड्यांचा प्रश्न होता. निघताना त्या कान्होजींना म्हणाल्या, "खोलीकडे जरा लक्ष ठेवा."

"समिती आहे ना," कान्होजी म्हणाले.

शालिनीताई काहीतरी बोलणार होत्या. मग "बरं" म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

त्या गेल्या आणि दहाव्या दिवसापासून एसीचा गारवा कमी होऊ लागला. आधी लोकांना वाटलं, बाहेरच गर्मी वाढली. मग आतून पाणी ठिबकायला लागलं. मग हवा अशी येऊ लागली, की सुमनताईंनी स्वेटर काढून ठेवला. तातडीची बैठक झाली. मल्हारराव म्हणाले, जाळी तुंबली असेल. कार्यवाहांनी वही काढली. दर सोमवारच्या रकान्यात एकेका घराची सही होती, एकही सोमवार रिकामा नव्हता. तेव्हा समितीने एकमताने असं ठरवलं, की वहीप्रमाणे सफाई झालेली असल्याकारणे दोष सफाईचा असू शकत नाही, दोष यंत्राचा आहे. कंपनीला पत्र गेलं. कंपनीचा माणूस दहा दिवसांनी येणार होता. माधवरावांना विचारलं असतं तर त्यांच्या मेकॅनिकने पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण माधवरावांना विचारायचं म्हणजे तीस वर्षांची हार मानायची. कान्होजींनी ते होऊ दिलं नाही.

आणि इथेच त्या गल्लीतल्या लोकांनी, फक्त त्याच लोकांनी करावी अशी एक गोष्ट केली. एकेकाने गुपचूप स्वतःचा एसी घेतला. हप्त्यावर मिळत होताच. पण कान्होजींना वाईट वाटेल! एवढं पाऊण तास बोलले बिचारे, मुंग्यांपर्यंत गेले. तेव्हा भिडेखातर कोणी कोणाला सांगितलं नाही. एसीची बाहेरची पेटी मागच्या गल्लीच्या बाजूला बसवायची, तिच्यावर जुनी साडी वाळत घातल्यासारखी टाकायची. आणि दुपारी बारा वाजता नेमाने मंडळाच्या खोलीत येऊन तासभर घाम गाळायचा. "आज बरा आहे नाही गारवा?" असं एकमेकांना विचारायचं. मग "जरा दूध तापवून येते" म्हणून घरी सटकायचं आणि दार लावून वीसवर एसी सोडायचा. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. कान्होजींनी मात्र ती रोजची गर्दी पाहिली आणि त्यांचा ऊर भरून आला. "यंत्र बिघडलं तरी माणसं तुटली नाहीत!" ते एका पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाले. मल्हाररावांनी मान खाली घातली.

नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शालिनीताई इंदूरहून आल्या. रात्रभरच्या प्रवासाने थकल्या होत्या. नाहून, दोन घास खाऊन त्या म्हणाल्या, "चला, आता आपल्या गारव्यात जाऊन पडते." कान्होजींना खरं सांगायचा धीर झाला नाही. उद्या-परवा कंपनीचा माणूस येईलच, ते मनात म्हणाले. शालिनीताई खोलीत गेल्या. पारा सत्तेचाळिसावर. वरून एसी गरम श्वास टाकत होता, खाली माणसं पुठ्ठे हलवत होती. शालिनीताईंनी वर पाहिलं, मग खिळ्याला टांगलेल्या वहीकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून बसल्या. अर्ध्या तासाने कान्होजींनी वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि हात कापत होते.

"शालिनी?"

"डोळ्यांपुढे अंधारी येते आहे," त्या म्हणाल्या.

गेल्या जूनचं ते स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्या क्षणी त्यांना ना संघटना आठवली ना मुंग्या. त्यांनी आणि मल्हाररावांनी शालिनीताईंना दोन्ही बाजूंनी धरलं आणि सरळ समोरच्या घराचं दार ठोठावलं. माधवराव दुपारचे जेवायला घरी आले होते. त्यांच्या बायकोने, विमलताईंनी दार उघडलं, एका नजरेत सगळं ओळखलं आणि पलंगावरची चादर झटकली. माधवरावांनी एसीचं बटण दाबलं. एसी घुर्रर्र करून सुरू झाला, आणि खट्. बंद. पुन्हा लावला. पुन्हा खट्.

"व्होल्टेज नाही," माधवराव स्टॅबिलायझरकडे बघून म्हणाले. "लाईन ओढत नाहीये."

"का नाही ओढत? काल-परवापर्यंत तर ओढत होती! गल्लीत एसी आहेत किती? एक तुमचा आणि एक आमचा."

माधवरावांनी स्टॅबिलायझरचं बटण उगीच पुन्हा दाबून पाहिलं.

"माधवराव, किती?"

"दहा," माधवराव म्हणाले. "दहा दिवसांत आठ विकले मी. सगळ्यांनी बजावून सांगितलं, कान्होजीरावांना कळू देऊ नका."

कान्होजींनी मल्हाररावांकडे पाहिलं. मल्हारराव पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत होते. एरवी कान्होजी यावर पाऊण तास बोलले असते. पण पलंगावर शालिनीताई डोळे मिटून पडल्या होत्या आणि विमलताई त्यांच्या कपाळावर ओला पंचा ठेवत होत्या. कान्होजी वळले आणि भर उन्हात गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गिरणीच्या फाटकावर संपाच्या दिवशी लागायचा तो आवाज त्यांनी लावला.

"सगळ्यांनी आपापले एसी बंद करा!"

गल्लीतली दारं किलकिली झाली. "कुठला एसी हो?" पहिल्या घरातून विचारलं गेलं. कान्होजी दाराशी गेले तर फटीतून गार हवा त्यांच्या पावलांवर येत होती. "हा," ते म्हणाले. पुढच्या घरी, "आमच्याकडे? छे! पंखा आहे तो!" असं सांगणाऱ्या गृहस्थाच्या अंगावर शाल होती. सुमनताईंनी तर दार उघडल्या उघडल्या रडायलाच सुरुवात केली. "मी नाही हो घेत होते, कान्होजीराव, निधीने घेतला."

"आई, झूठ मत बोलो ना," आतून निधी म्हणाली. "तूच म्हणालीस की पांढरा नको, क्रीम कलरचा घे."

"ते सगळं राहू द्या," कान्होजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "शालिनीला बरं नाही. तुमचा बंद केलात तर माधवरावांचा चालेल. मी हात जोडतो."

खटाखट बटणं बंद झाली. आठवा बंद झाला आणि माधवरावांच्या घरातला एसी एकदा थरथरला, मग सरळ चालू लागला. आता बाकीचे आपापल्या तापत चाललेल्या घरात थांबून करणार काय? एकेकजण माधवरावांच्या दिवाणखान्यात येऊन बसला. अर्ध्या तासात तिथे अख्खी गल्ली होती. सतरंजी होती, निधीचा लॅपटॉप होता, कोणीतरी कणीकसुद्धा घेऊन आलं होतं. विमलताईंनी सगळ्यांना कैरीचं पन्हं दिलं. शालिनीताईंनी दोन ग्लास घेतले, डोळे उघडले आणि विचारलं, "मल्हारभाऊजी अजून घोरत कसे नाहीत?" तेव्हा कुठे कान्होजींच्या जिवात जीव आला. त्यांनी धोतराच्या सोग्याने घाम पुसल्याचं दाखवलं. डोळे पुसले हे सगळ्यांना दिसलं.

पण जिवात जीव आला की जुनी खोड कुठे जाते? पाच मिनिटं झाली नाहीत तोच कान्होजी म्हणाले, "एक लक्षात आलं का, माधवराव? शेवटी एकच एसी आणि सगळी गल्ली! हेच मी म्हणत होतो. तुमचे खाजगी नऊ एसी म्हणजे नऊ बंद एसी. तार तर सामाईकच आहे ना?"

"वा! आणि हा जो चालतोय तो कोणाच्या मालकीचा?" माधवरावांनी मांडी ठोकली. "तुमचा दहा घरांचा एसी दोन महिन्यांत धापा टाकायला लागला. बारभाईची शेती. हा माझा चौथा उन्हाळा, एक तक्रार नाही. कारण माझा आहे. स्वतःचं असलं की माणूस जपतो."

"आमच्याकडे वही आहे! दर सोमवारी जाळी धुतल्याची सही आहे!"

"सही धुते का जाळी?"

खोलीत दोन तट पडले. सुमनताई आधी इकडून बोलल्या, मग तिकडून. पलंगावर शालिनीताई वर एसीकडे बघत पडल्या होत्या. त्यांनी विमलताईंना विचारलं, अगदी भाजीचा भाव विचारावा तसं, "विमलताई, तुम्ही जाळी किती दिवसांनी धुता?"

"दर रविवारी," विमलताई म्हणाल्या. "हे दुकानात गेले की."

"मी सोमवारी धुवायचे. सगळे यायच्या आधी, सकाळी. तिथे बल्ल्यांमधून मोठं स्टूल ओढावं लागतं, जरा जड आहे ते."

"आमच्याकडे स्टूल नाही. मी पलंगावर पाट ठेवते."

"ब्रश घेता का?"

"जुना दातांचा. त्याने कोपरे छान निघतात."

एव्हाना वाद सोडून सगळे त्या दोघींकडे बघत होते. मल्हारराव सगळ्यांत आधी पुटपुटले, "माझ्या पाळीला मी उघडून पाहिलं होतं. जाळी चकाचक होती. म्हटलं, आधीच्याने चांगली धुतली असेल. म्हणून सही केली."

"मी पण," सुमनताई म्हणाल्या.

"तू बोलली नाहीस," कान्होजी बायकोला म्हणाले.

"कोणी विचारलं नाही. पहिल्याच सोमवारी पाहिलं, कोणी धुतली नव्हती. धुवून टाकली. मग दर सोमवारी तेच." शालिनीताईंनी कपाळावरचा पंचा काढून ठेवला. "जन्मभर तुम्ही दोघं त्या ओट्यावर बसून यंत्र कोणाच्या मालकीचं हेच विचारत राहिलात. पुसतं कोण, ते एकदा तरी विचारायचंत."

माधवरावांनी वर एसीकडे पाहिलं. चार उन्हाळे तो त्यांच्या डोक्यावर चालत होता आणि त्याचं झाकण कुठून उघडतं हे, इतके एसी विकूनही, त्यांना सांगता आलं नसतं. दुकानात ते काम मेकॅनिक करायचे. कान्होजींना तर मान वर करणंच शक्य नव्हतं. गिरणीत सत्तावीस वर्षं त्यांनी कष्टाच्या मोलावर भाषणं दिली होती. टाळ्या घेतल्या होत्या. आणि अडुसष्ट वर्षांची, लू लागून मरता मरता वाचलेली त्यांची बायको सकाळी एकटी बल्ल्यांमधून स्टूल ओढून वर चढत होती, तेव्हा ते शेजारच्या घरात पेपर वाचत बसले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्यांना गिरणी बंद पडून घरी बसावं लागलं तेव्हासुद्धा वाटली नव्हती.

ते उठले आणि मंडळाच्या खोलीकडे निघाले. माधवरावही मागून आले. दोघांनी मिळून स्टूल ओढलं, तेव्हा त्यांना ते किती जड आहे हे कळलं. कान्होजी वर चढले, माधवरावांनी खालून त्यांचे पाय धरले. झाकण काही उघडेना. डावीकडून ओढावं की उजवीकडून, यावर वाद झाला. शेवटी निधीने येऊन दोन बोटांनी उघडून दिलं. जाळीवर धुळीची गोधडी बसली होती. नळाला पाणी नव्हतं, तेव्हा माधवराव घरातून अर्धी बादली घेऊन आले, आणि ते दोघे म्हातारे उकिडवे बसून दातांच्या ब्रशने कोपरे घासत राहिले. तत्त्वाची गोष्ट कोणी काढली नाही. संध्याकाळी एसी लावला तर बर्फासारखी हवा आली.

कान्होजींनी खिळ्यावरची वही काढली. मार्चअखेरपासूनच्या सह्या पाहत गेले. चौथी सही त्यांची स्वतःची होती, वळणदार, खाली दोन टिंबं दिलेली. त्यांना आठवलं, त्या दिवशी सकाळी खोलीत डोकावून, सगळं ठीक आहे असं पाहून, घाईत केली होती. त्यांनी आधी ती खोडली. मग शालिनीताई इंदूरला जाण्याआधीच्या सगळ्या सह्या एकेक करून खोडल्या आणि प्रत्येकीच्या पुढे लिहिलं, शालिनी भोइटे. नंतरच्या सोमवारांसमोर लिहिलं, कोणी नाही.

वही घेऊन ते घरी आले. शालिनीताई अंथरुणावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पानं पाहिली, एकदा, मग पुन्हा एकदा. वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली.

"येत्या सोमवारी कोणाची पाळी आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी," कान्होजी म्हणाले. हा त्यांचा पहिला हळू आवाज होता जो शेजारी ऐकू गेला नाही.

"मग आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा. सोमवारी नळाला येत नाही," शालिनीताई म्हणाल्या आणि त्यांना हात धरून अंथरुणावर आपल्या शेजारी बसवून घेतलं.